सड्यावर आगीचा गोळा दिसला तर आधी चपला काढा

सावली हलली म्हणून मी वर पाहिलं. तोवर माझं लक्ष चुलीवरच्या चहात. मार्चचा तिसरा आठवडा, रात्रीचे पावणेदोन, अमावास्या जवळ आलेली. कलमांवर कैरी अंड्याएवढी झाली होती, म्हणजे राखणीचे दिवस. आमची बाग रत्नागिरीजवळ, पावसच्या पुढे, पूर्णगडच्या अलीकडे, सड्यावर म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर आहे. रात्री तिथं चुलीचा जाळ आणि बॅटरी सोडली तर उजेड नाही. आणि अचानक चुलीशेजारच्या कातळावर कलमाची सावली उमटली, पान न् पान मोजावं अशी, आणि घड्याळाच्या काट्यासारखी सरकायला लागली.

डोकं वर केलं तेव्हा गोळ्याची निम्मी वाट सरली होती. पांढरा, कडेनं हिरवट, मागे नारिंगी शेपूट. मघा नक्षत्राच्या खाली जाऊन दोन तुकडे झाले आणि विझला.

मग मी जे जे करू नये ते सगळं केलं. ओरडलो. मोबाईल शोधला. सड्याच्या टोकापर्यंत धावत गेलो, जणू तो समुद्रात पडताना दिसणार होता. चहा उतू गेला तो वेगळाच. परत आलो तेव्हा वाजले किती होते, मी नेमका कुठे उभा होतो, गोळा कुठल्या झाडावरून गेला, यातलं एकही धड सांगता येईना. आमचा नेपाळी राखणदार, त्याला आम्ही सगळे दाजूच म्हणतो, माचीवर बसला होता तिथून तसूभरही हलला नव्हता. हात लांब करून बोट रोखून बसला होता. "यहाँ से शुरू हुआ," म्हणाला. बोट पंपाच्या खोलीच्या कौलांवर, थोडं वर. त्या रात्री माणूस म्हणावा असं वागला तो एकटा.

असा गोळा म्हणजे फार तेजस्वी उल्का. ती दिसली तर तुम्ही दाजूसारखं वागावं म्हणून हे लिहितोय.

गोळा दिसला की पहिली गोष्ट, मोबाईलला हात लावू नका. असा गोळा बहुतेक वेळा तीन ते सहा सेकंदांत आटोपतो. खिशातून मोबाईल काढून कॅमेरा उघडेपर्यंत तो गेलेला असतो आणि डोळ्यांनीही बघायचा राहतो. विझेपर्यंत बघत राहा आणि मनात मोजा. मी "एक हापूस, दोन हापूस, तीन हापूस" असं मोजतो. घड्याळ लावून पाहिलंय, एक हापूस साधारण एका सेकंदाचा होतो. (पायरी म्हटलं तरी चालेल, वाद नको.)

विझला की पाय हलवू नका. चपला तिथंच काढा, बोटं गोळा विझला त्या दिशेला करून. अनवाणी बाजूला व्हा, पण आधी खाली बॅटरी मारा, कारण सड्यावर फुरशी असतात आणि फुरसं आकाशाकडे बघणाऱ्याची वाट सोडत नाही. चपलांची ही युक्ती मला नंतर सुचली. त्या रात्री मला वाचवलं ते चुलीनं. सावली चुलीशेजारच्या दगडावर पडली होती आणि चूल काही धावत सड्याच्या टोकाला जात नाही. सावलीचं टोक कुठून कुठे गेलं ते मला आठवत होतं, दुसऱ्या दिवशी दोरी धरून बुंध्यापासून दिशा काढली. ईशान्येकडची सावली पूर्वेकडे वळली होती, म्हणजे उजेड नैऋत्येकडून पश्चिमेला गेला. तुम्ही गोळा पाहिलाच नसेल, नुसती अंगणात लखलख झाली असेल, तरी सावली कुठे पडली ते लक्षात ठेवा. रशियात चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ ला जो प्रचंड गोळा फुटला, त्याचा मार्ग काढताना चौकातल्या दिव्यांच्या खांबांच्या सावल्यासुद्धा मोजल्या होत्या.

चपला काढल्यावर वेळ बघा. आता मोबाईल घ्यायला हरकत नाही. घड्याळाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. "दोनच्या सुमारास" याला काही किंमत नाही, १ वाजून ४७ मिनिटं याला आहे.

आणि गप्प बसा. ही पायरी लोकांना सगळ्यात जड जाते. गोळा जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटरवर असतो, आवाजाला एक किलोमीटर कापायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. म्हणजे गोळा अगदी डोक्यावर फुटला तरी धमाका तीन-साडेतीन मिनिटांनी येणार. तोवर लोक घरात जाऊन बायकोला उठवून गोष्ट सांगत असतात आणि आवाज आला तर त्याचा संबंध लावत नाहीत, ट्रकचा टायर फुटला म्हणतात. दहा मिनिटं कान देऊन बसा. तोफेसारखा, गडगडाटासारखा, काहीही ऐकू आलं की गोळा विझल्यापासून किती मिनिटं-सेकंद झाले ते लिहा. आवाज आला तर प्रकरण गंभीर आहे, गोळा बराच खाली उतरला होता असं समजायला जागा आहे.

मात्र हे ऐकायला काचेच्या खिडकीशी उभे राहू नका. चेल्याबिन्स्कला दीडेक हजार माणसं जखमी झाली. लखलखाट बघून लोक खिडकीशी गेले, दोनेक मिनिटांनी धक्का आला आणि काचा त्यांच्या तोंडावर फुटल्या. तो दगड अठरा-वीस मीटरचा होता. आपल्याला दिसतात ते बहुतेक सुपारीपासून नारळापर्यंतच्या मापाचे, पण काचेपासून लांब राहायला पैसे पडत नाहीत.

गोळा चालू असतानाच सुर्र किंवा चर्र असा आवाज आला असं काही जण शपथेवर सांगतात. हसू नका, लिहून घ्या. खरा आवाज इतक्या लवकर पोचणं शक्य नाही, पण फार तेजस्वी गोळ्याचा उजेड भरभर लुकलुकला तर पानं, केस, कपडे यांच्यालगतची हवा थरथरून बारीक आवाज होऊ शकतो, असं एक शास्त्रीय स्पष्टीकरण आहे.

आता लिहिणं. कुणाशीही बोलायच्या आधी लिहा. आमच्याकडे सकाळी सातला पाणंदीत चार माणसं भेटली आणि साडेसातला चौघांचा गोळा एकच झाला होता. त्यांतल्या तात्यांनी सांगितलं, "खाडीतच पडला तो! चर्र झालं आणि वाफ आली वर." त्यांच्याआधी वाफेचं नाव कुणी काढलं नव्हतं. तात्यांनी काढल्यावर दोघांना वाफ आठवली. गणेशगुळ्याहून फोन आला, तिथल्या लोकांच्या मते गोळा त्यांच्याच टेकडीमागे पडला होता. म्हणून दाजूला मी बाजूला बसवून आधी त्याचं सगळं विचारून घेतलं आणि माझं नंतर सांगितलं.

काय लिहायचं? कुठे सुरू झाला, कुठे विझला, किती हापूस टिकला, शुक्राएवढा होता की अर्ध्या चंद्राएवढा की त्याहून जास्त, रंग, तुकडे झाले का, मागे धुरासारखी रेघ राहिली का आणि किती वेळ, आवाज. शुक्रापेक्षा तेजस्वी उल्का असेल तर तिला अग्निगोल म्हणायचं, सावली पाडली तर विचारायलाच नको. रंगावरून शहाणपण करू नका. हिरवा म्हणजे तांबं, असं कुणीतरी सांगणारच. हिरवा रंग बहुतेक वेळा मॅग्नेशियमचा असतो, शिवाय आपल्या हवेतला ऑक्सिजनही तापला की हिरवा दिसतो.

उंची मात्र मोजायला हवी, आणि त्यासाठी स्वतःची मूठ पुरते. हात ताठ समोर करा, मूठ आवळा, एक डोळा मिटा. मुठीची रुंदी आकाशात साधारण १० अंश झाकते. क्षितिजापासून मुठीवर मूठ रचत वर जायचं. प्रत्येकाची मूठ सारखी नसते, म्हणून ती तपासून घ्या, आणि ते कोकणात फार सोपं आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसतो तितके त्या जागेचे अक्षांश असतात. आमच्याकडे ते १७ अंशांच्या जवळ, म्हणजे ध्रुव पावणेदोन मुठींवर यायला हवा. माझ्या मुठीनं बरोबर येतो. दाजूच्या मुठीनं दीडच्या आत आला, पेट्या भरून भरून हात राकट झालाय त्याचा. मग त्याच्या प्रत्येक मुठीचे १२ अंश धरले.

रात्रीच मोजता आलं नाही तरी बिघडत नाही. दुसऱ्या रात्री त्याच जागी, चार मिनिटं आधी या. तारे रोज चार मिनिटं लवकर येतात, त्यामुळे आकाश कालच्यासारखंच मांडलेलं असतं. दुसऱ्या रात्री पावणेदोनला माचीवर बसून दाजूनं पुन्हा बोट रोखलं तर ते हस्त नक्षत्रावर गेलं. मी चुलीपाशी बसून पाहिलं तर गोळा विझला ती जागा मघेच्या ताऱ्याखाली दोन-अडीच मुठी, क्षितिजापासून अडीच मुठी, नीट पश्चिमेला. दिशेसाठी मोबाईलचं होकायंत्र चालतं, फक्त लोखंडी खाट, पत्रा, पंप यांच्यापासून चार पावलं लांब जाऊन बघा. माझ्या होकायंत्रानं खाटेवर बसून समुद्र उत्तरेला दाखवला होता.

इतकं करून एकट्या माणसाला फक्त एक रेघ मिळते, अंतर मिळत नाही. डोळ्याला अंतर कळतच नाही, आणि समुद्रावर तर मुळीच नाही, कारण मध्ये मोजायला काही नसतं. म्हणून प्रत्येकाला तो आपल्याच खाडीत पडलेला दिसतो. अंतर काढायला दुसरा माणूस लागतो, लांबचा. माझा मावसभाऊ कोल्हापूरला असतो. सकाळी त्याचाच फोन: "भावा, रात्री पश्चिमेला काय उजेड पडला की रं! तुमच्याकडं कायतरी पडलं बघ." रात्रपाळीहून आला होता, गच्चीवर कपडे काढायला गेला होता. तो म्हणतो पश्चिमेला, मी म्हणतो पश्चिमेला. कोल्हापूर आमच्या जवळजवळ सरळ पूर्वेला, विमानाच्या वाटेनं १०० किलोमीटरच्या आसपास. गोळा दोघांच्या मध्ये असता तर त्याला पश्चिमेला दिसला असता आणि मला पूर्वेला. तात्यांची खाडी इथंच बाद होत नाही, पण पुढे होते.

मी भावाला त्याच रात्री पुन्हा गच्चीवर उभं केलं. शेजारच्या पाण्याच्या टाकीच्या वर विझला म्हणाला होता. "मूठ धर," म्हटलं. "कुणी बघितलं तर काय म्हणतील?" "म्हणू देत." दीड मूठ आली. माझ्या अडीच, त्याच्या दीड, मध्ये १०० किलोमीटर. वहीत पट्टी-कोनमापक घेऊन त्रिकोण काढला. गोळा विझला ती जागा किनाऱ्यापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर आत, अरबी समुद्रावर, आणि साठ-सत्तर किलोमीटर उंच निघाली. खाडीवर विझला असता तर माझ्या डोक्यावर दिसायला हवा होता. आवाज का आला नाही तेही कळलं. इतक्या अंतरावरून आवाज यायला आठ मिनिटं लागली असती आणि बहुधा पोचलाच नसता. वेगाचाही अंदाज आला, सेकंदाला २५ किलोमीटरच्या घरात. म्हणजे आमच्या बागेतून रत्नागिरीचा स्टँड एका सेकंदात. एसटीला पाऊण तास लागतो, वेळेवर आली तर.

तेव्हा ओळखीतलं कुणी घाटावर असेल तर त्याला लगेच विचारा, आणि "दिसला का" एवढंच विचारा. "पश्चिमेला हिरवा दिसला का" असं विचारलंत तर त्याचं उत्तर तुमचंच उत्तर होतं. सीसीटीव्ही असलेल्यांनाही त्याच दिवशी गाठा. बंदरावर, पंपावर, बंगल्यांना कॅमेरे असतात आणि चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. कॅमेऱ्याचं घड्याळ मागेपुढे असतं, म्हणून त्याच्या पडद्याचा आणि आपल्या मोबाईलच्या घड्याळाचा एकत्र फोटो घ्या.

ही नोंद मग पाठवायची कुठे? आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर अग्निगोलाची नोंद करायचा अर्ज आहे, तो दिशा, उंची, वेळ हेच सगळं विचारतो. एकाच गोळ्याच्या वेगवेगळ्या गावच्या नोंदी जुळवून ते मार्ग काढतात. आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईचं खगोल मंडळ आहे. आकाश बघणारी माणसं आहेत, नीट लिहिलेलं असेल तर वाचतात.

पाठवायच्या आधी तो गोळा नव्हताच, हेही तपासा. विमान, उपग्रह, दिवाळीचा बाण, आकाशकंदील यांत कुणी सहसा फसत नाही, कारण ते सगळे सावकाश असतात. फसवतं ते वरून परत येणारं रॉकेट. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात लोकांनी तुकड्यांची मिरवणूक आकाशातून जाताना पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष होते. ओळखायची खूण सोपी आहे: उल्का दहा सेकंदांच्या आत संपते, रॉकेटचे तुकडे एकामागोमाग, एकाच वेगानं, अर्धा-एक मिनिट जात राहतात. पंचवीस हापूस मोजून झाले आणि अजून दिसतंय, तर ती उल्का नाही.

आणि एक गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसानं विसरू नये. समुद्रावर लाल दिवा वर चढला, लटकल्यासारखा राहिला आणि हळूहळू खाली आला, तर तो कुणीतरी संकटात असल्याचा इशारा आहे. बोटीवरचा लाल पॅराशूट-बाण शेकडो मीटर चढून चाळीसेक सेकंद जळतो. अशा वेळी मुठी मोजत बसू नका, तटरक्षक दलाचा १५५४ फिरवा आणि दिशा सांगा. हे मूळचं चपलांचं काम इथंही उपयोगी पडतं.

दगड शोधायला जायचं का? गोळा क्षितिजापर्यंत जाऊन झाडामागे गेला असेल तर नाही, तो शेकडो किलोमीटर लांब होता. क्षितिजापासून एका मुठीवर विझला असेल तरी तीन-साडेतीनशे किलोमीटर. डोक्याच्या आसपास विझला आणि नंतर धमाका ऐकू आला, तरच पुढचा विचार. महाराष्ट्रात अशनी, म्हणजे जमिनीपर्यंत पोचलेला उल्केचा दगड, पडल्याचं अलीकडचं नाव काटोल, नागपूर जिल्हा, २२ मे २०१२, भर दुपारी. कोकणात अडचण दुहेरी. अर्धं आकाश समुद्रावर, आणि उरलेल्या अर्ध्याखाली जांभा. जांभ्यात लोखंड असतं, काही तुकडे लोहचुंबकालाही धरतात, त्यामुळे दर वर्षी कुणीतरी सड्यावरचा काळा गोटा घेऊन येतो. त्याला भोकं असतील तर परत पाठवा. अशनीला सहसा भोकं नसतात. ताज्या अशनीवर पातळ, नखाएवढीही जाड नाही अशी काळी साल असते, कडा गोलसर, अंगठ्यानं दाबल्यासारखे खळगे, आणि उचलला की मापाच्या मानानं जड. तुटलेल्या बाजूनं आतला रंग वेगळा, बहुधा फिकट राखाडी. तो गरमही नसतो. शेवटचे काही मिनिटं विझलेला दगड नुसता खाली पडत असतो, वरच्या गार हवेतून. तात्यांच्या वाफेचं म्हणूनच काही खरं नव्हतं. सापडलाच तर धुवू नका, चुंबक घासू नका, त्यानं दगडातली मूळची चुंबकीय खूण पुसते. पडला त्या जागी फोटो, मग स्वच्छ पिशवी. मृगाच्या आत सापडायला हवा, आमच्या पावसात तो गंजून जांभ्यासारखाच दिसेल. तहसीलदारांना कळवा, भारतात अशनी सांभाळायचं काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे.

मुद्दाम बघायला बसायचं असेल तर ऑगस्टची ययाती उल्कावर्षावाची तारीख विसरा, तेव्हा आमच्याकडे आभाळ फाटलेलं असतं. दिवाळीच्या मागेपुढे वृषभेतून येणाऱ्या उल्का असतात, थोड्या पण संथ आणि टपोऱ्या. डिसेंबरच्या १३-१४ ला मिथुनेतल्या, त्या भरपूर. आणि फेब्रुवारी ते एप्रिल, उत्तर गोलार्धात संध्याकाळी मोठे गोळे जरा जास्त दिसतात, नेमके राखणीच्या दिवसांत. पश्चिमेला हल्ली एलईडीवाल्या बोटींची रांग लागते, तिकडे पाठ करून खाट टाका. गोधडी घ्या, पहाटे दव पडतं. चहा घ्या, पण थर्मासमधून.

मी चुलीपासून पश्चिमेला कातळावर पांढऱ्या ऑइलपेंटनं बाण काढलाय, दोन हात लांब. दाजू त्याच्यावर आमसुलं वाळत घालतो. तात्यांना मी त्रिकोण काढलेली वही दाखवली, त्यांनी ती उलटीसुलटी बघितली आणि परत दिली. ओहोटीला होडी घेऊन गेले की ते अजून त्या जागी थांबून वल्हं तळापर्यंत रोवून बघतात.